स्फिअर दिसला म्हणजे स्टेम सेल सापडली असं नाही: या चुका टाळा

दर जानेवारीत आमच्या नाशिकच्या छोट्याशा कल्चर लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांची रांग लागते. त्यातल्या एक-दोघांना तरी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या स्टेम सेल्सच हव्या असतात, म्हणजे स्वतःसारख्या पेशी बनवत राहून गाठ पुन्हा उगवणाऱ्या पेशी. विषय वाईट नाही. हा कॅन्सर दुर्बिणीतून खरवडून काढला तरी पुन्हा पुन्हा उगवतो, आणि तो नेमक्या कोणत्या पेशींतून उगवतो हे विचारण्यासारखंच आहे. पण चुका दरवर्षी त्याच होतात.

पहिली चूक घाईची. दिंडोरीकडच्या एका मुलानं शुक्रवारी संध्याकाळी टी-24 पेशी (मूत्राशयाच्या कॅन्सरची, लॅबमध्ये वाढवत ठेवलेली सेल लाइन) लो-अटॅचमेंट, म्हणजे तळाला चिकटू न देणाऱ्या, प्लेटच्या खळग्यांत (वेलमध्ये), सिरम-फ्री मीडियात टाकल्या. तिथे एकाच पेशीतून वाढलेला गोळा म्हणजे स्फिअर. शनिवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन. "सर, स्फिअर आले! एकेका वेलमध्ये सत्तर-ऐंशी!" मी मिसळ खायला बसलो होतो, ती तशीच टाकून गेलो. मायक्रोस्कोपखाली गोळे होते खरे, पण द्राक्षाच्या घडासारखे. कडा ओबडधोबड, एकेक पेशी वेगळी मोजता येईल अशा. खरा स्फिअर गोटीसारखा घट्ट असतो, आतल्या पेशींच्या सीमा सहसा ओळखू येत नाहीत.

"टी-24 ला दुप्पट व्हायला किती वेळ लागतो?"
"वीसेक तास, सर."
"मग पंधरा तासांत एका पेशीच्या चाळीस कशा झाल्या?"

तो गप्प. मग कळलं, एसटी पकडायची होती म्हणून ट्रिप्सिन (पेशी सुट्ट्या करणारं एन्झाइम) दोनच मिनिटं दिलं, पिपेटनं नीट फोडलं नाही आणि एका वेलमध्ये वीस हजार पेशी ओतल्या. पेशी वाढल्या नव्हत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या.

माझी सवय सांगतो. ट्रिप्सिननंतर 40 मायक्रॉनच्या स्ट्रेनरमधून गाळायचं आणि पेशी सुट्ट्या झाल्यात हे डोळ्यांनी बघायचं. पेशी विरळ टाकायच्या आणि आठवडाभर प्लेटला उगाच हात लावायचा नाही. शंका असेल तर लाल आणि हिरव्या रंगाच्या पेशी निम्म्या-निम्म्या मिसळा. दुरंगी गोळे बरेच निघाले तर समजा चिकटलेत. पहिल्या पिढीचे स्फिअर मी मोजतच नाही. ते फोडून दुसऱ्या, तिसऱ्या पिढीतही येतात का ते बघतो. तेव्हासुद्धा लिहायचं 'स्फिअर बनवणाऱ्या पेशी'. स्टेम सेल म्हणण्याआधी अगदी थोड्या पेशींतून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात गाठ उगवून दाखवावी लागते, तीही मूळ गाठीसारखी सरमिसळ असलेली. आमच्याकडे उंदीर नाहीत, त्यामुळे आमच्या शीर्षकात 'स्टेम सेल' हा शब्द येत नाही. मुलं रुसतात, रुसू देत.

सीडी44 (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे स्टेम सेल, ही दुसरी पळवाट. मूत्राशयाच्या अस्तरात तळाला सीके5 हे प्रथिन असलेल्या बेसल पेशी असतात आणि वर सीके20 हे प्रथिन असलेल्या छत्रीपेशी. 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या गाठींतून सीडी44 आणि सीके5 असलेल्या, पण सीके20 नसलेल्या पेशी वेगळ्या केल्या. उंदरात गाठ करायची ताकद त्यांच्यात जास्त होती. पण सीडी44 निरोगी बेसल पेशींवरही असतं, रक्तातल्या लिम्फोसाइटवरही असतं. टी-24 मध्ये तर बहुतेक साऱ्याच पेशी पॉझिटिव्ह येतात. मग निवडलं काय?

सेल लाइन तपासून घ्या. ईसीव्ही304 ही लाइन वर्षानुवर्षं रक्तवाहिनीची पेशी म्हणून वापरली गेली, निघाली टी-24. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या जिवाणूंची) टेस्टही करा, "नंतर करू" म्हणू नका.

दिंडोरीच्या त्या मुलाचे वडील द्राक्षबागायतदार. त्यानं सेमिनारमध्ये लव्हाळ्याचं उदाहरण दिलं: वरचं पातं कितीही कापा, जमिनीतली गाठ राहिली की तण परत येतं. टाळ्या पडल्या. मी त्याला एवढंच म्हणालो की इथे कापलेलं पातंही पुन्हा गाठ होऊ शकतं. साध्या कॅन्सरपेशी ताण आला की स्टेमसारख्या वागू लागतात, म्हणून 'स्टेम सेल मारली की काम झालं' हे गणित जुळत नाही.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो ते. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये एक सुंदर काम आलं. केमोनं मरणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन सोडतात, त्यानं उरलेल्या स्टेमसारख्या पेशी जाग्या होतात आणि दोन सायकलच्या मधल्या दिवसांत गाठ भरून काढतात. सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधानं हा संदेश अडवला की उंदरांत केमोचा परिणाम टिकला. उंदरांत! आमच्या एका विद्यार्थिनीनं सारांश वाचला आणि केमो चालू असलेल्या मामांना गोळीचं नाव व्हॉट्सअॅप केलं. मामांनी मेडिकलमधून पाकीट आणलंसुद्धा. नशीब, पुढच्या सायकलआधी डॉक्टरांनी पिशवीतली औषधं बघितली. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध मुळातच किडनीवर येतं, त्यात या जातीची वेदनाशामक गोळी म्हणजे आणखी भार. ब्रिटनमध्ये स्नायूपर्यंत न पोचलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर सेलेकॉक्सिबची बॉक्सिट नावाची चाचणी झाली, तीतही गाठ परत येण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही. तेव्हापासून रुग्णाच्या नातेवाइकाला पेपरमधलं औषध सांगणाऱ्याला मी लॅबची किल्ली देत नाही.

दिंडोरीच्या मुलानं सगळं पहिल्यापासून केलं. तिसऱ्या पिढीत, दहाव्या दिवशी, हजार पेशींमागे सहा स्फिअर आले. फोन न करता तो सोमवारी वही घेऊन आला.