संघाच्या डावपेचांतली मेख कशी हेरायची

फुटबॉलचा सामना दोनदा बघायचा. पहिल्यांदा सलग, वही बंद ठेवून. दुसऱ्यांदा चार गोष्टींची नोंद करा: चेंडू संघाकडे असताना, नसताना, गमावल्यावरचे पाच सेकंद आणि मिळवल्यावरचे पाच सेकंद. कॉर्नर आणि फ्रीकिकसाठी वेगळं पान.

सुरुवातीला पडद्यावर झळकणारं ४-३-३ वगैरे (बचाव, मधली फळी आणि आघाडीत किती खेळाडू) फार मनावर घेऊ नका. दर दहा मिनिटांनी, समोरच्या गोलकीपरच्या पायाशी चेंडू असताना चित्र थांबवा आणि बचावफळी कुठे आहे ते मांडा. मोजपट्टी मैदानावर आखलेलीच असते: पेनल्टी बॉक्स १६.५ मीटर खोल, मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर. बचावफळी आणि आघाडी यांच्यात तीसेक मीटर असतील तर संघ घट्ट आहे. पंचेचाळीस झाले की मधली वाट मोकळी.

सरावाला २०२२ च्या विश्वचषकातला अर्जेंटिना–सौदी अरेबिया घ्या. प्रशिक्षक एर्व्हे रेनार यांच्या सौदी संघाने बचावफळी मध्यरेषेकडे सरकवली. अर्जेंटिना दहा वेळा ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) सापडला, मध्यंतरापूर्वीच तीन गोल रद्द झाले आणि सौदीने २-१ ने बाजी मारली.

या सामन्यात बचावफळीच्या मागे टाकलेल्या प्रत्येक लांब पासवर, चेंडू पायातून सुटतानाच चित्र गोठवा. पास देणाऱ्याच्या अंगावर कोणी आहे का? त्याला मान वर करायला उसंत मिळाली का? धावणारा फळीला चिकटून उभा होता की मागून आला? पुढच्यांनी दाब ठेवला तरच वर सरकलेली फळी टिकते. दाब सैल पडला की मागची अख्खी जागा उघडी, आणि मधल्या फळीतून उशिरा निघालेला खेळाडू ऑफसाइडमध्ये सहसा सापडत नाही. अर्जेंटिनाच्या लाउटारो मार्टिनेझला दिलेला गोल व्हीएआरने (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) जेमतेम फरकाने काढून घेतला. बलस्थान इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत असेल, तर तेच दुबळेपणाच्या रकान्यातही लिहा.

नवखे हमखास फसतात ते निकाल बघून. हाच सौदी संघ पुढे पोलंडकडून ०-२ आणि मेक्सिकोकडून १-२ हरला. म्हणून किमान तीन सामने बघा, त्यातला एक तरी हरलेला. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, बचावफळी चौकटीबाहेर राहते. मैदानावर जाता आलं तर गोलमागच्या उंच पायऱ्यांवर बसा.

शेवटी ‘बचाव कच्चा’ असं मोघम लिहू नका. ‘उजवा फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेला की त्याच्यामागची जागा कोणी भरत नाही, चेंडू हिसकावताच पहिला पास तिकडे’, एवढं नेमकं हवं.