स्टुडिओ फ्लॅश पडत नाही? ट्रिगर करताना या चुका टाळा

फ्लॅश पडला नाही की पहिला संशय लाइटवर जातो. ट्यूब गेली असेल, फ्यूज उडाला असेल. दुरुस्तीवाल्याकडे न्यायच्या आधी लाइटच्या मागचं टेस्ट बटण दाबा. फ्लॅश पडला? मग लाइट ठणठणीत आहे. आता ट्रिगरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून लाइटला रेडिओ सिग्नल पाठवणाऱ्या यंत्रावरचं टेस्ट बटण दाबा. तेव्हाही फ्लॅश पडला, तर रेडिओ सिग्नल पोहोचतोय. आणि एवढं करून शटर दाबल्यावर फोटो काळाच येत असेल, तर घोळ कॅमेऱ्यात किंवा हॉटशूवर, म्हणजे ट्रिगर बसवायच्या वरच्या खाचेत आहे. हा क्रम सोडून बॅटरी बदल, चॅनेल बदल, केबल हलव असं सगळं एकदम केलं, तर फ्लॅश पडायला लागला तरी कशामुळे ते कळत नाही.

घोळ कॅमेऱ्यात असतो तेव्हा

सगळ्यात जास्त वेळ खाते ती सायलेंट शटरची सेटिंग. मंगलाष्टकं चालू असताना आवाज नको म्हणून ती लावलेली असते आणि स्टुडिओत परतल्यावर तशीच राहते. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत अशा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश उडतच नाही, कारण सेन्सर एका दमात वाचला जात नाही, ओळीओळीने वाचला जातो. निकॉन झेड ८ आणि झेड ९ यांना मेकॅनिकल शटरच नाही, तरी फ्लॅश चालतो, कारण त्यांचा सेन्सर फार वेगाने वाचला जातो. बाकीच्यांनी मेकॅनिकल शटर लावावं. कॅननच्या काही डीएसएलआरमध्ये याचाच भाऊबंद आहे: व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढला की फ्लॅश पडतो, लाइव्ह व्ह्यूवर पडत नाही. तिथे मेनूत जाऊन लाइव्ह व्ह्यूचं सायलेंट शूटिंग बंद करायचं.

दुसरी गोष्ट विकत घेतानाच बघायची. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉटशूला मधला मोठा कॉन्टॅक्टच दिलेला नाही. साधा, एका पिनेचा स्वस्त ट्रिगर त्या मधल्या कॉन्टॅक्टवरच चालतो. त्यामुळे टेस्ट बटणावर लाइट उडतो, शटरवर नाही, आणि गिऱ्हाईक ट्रिगर खराब म्हणून परत करतो. ट्रिगरमध्ये काही बिघाड नसतो. या कॅमेऱ्यांना कॅननच्या टीटीएलसाठी (फ्लॅशची ताकद कॅमेरा स्वतः ठरवतो ती पद्धत) बनवलेला ट्रिगर लागतो, आणि तोही घेताना आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, हे दुकानातच विचारून घ्या. शक्य असेल तर कॅमेरा सोबत न्या आणि तिथेच शटर दाबून बघा.

मिररलेसवाल्यांना आणखी एक अडचण येते. शटर १/१६०, एफ/८, आयएसओ १०० लावलं की व्ह्यूफाइंडर काळामिट्ट होतो. बिघाड काही नाही. कॅमेरा फ्लॅशशिवायचं एक्स्पोजर दाखवतोय, कारण एका पिनेचा ट्रिगर लावलेला त्याला कळत नाही. एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा. सोनीत त्याला सेटिंग इफेक्ट म्हणतात.

फोटोत काळा पट्टा

खालून किंवा वरून काळा पट्टा आला, तर शटर स्पीड सिंकच्या, म्हणजे शटर आणि फ्लॅश जुळण्याच्या मर्यादेपलीकडे गेलाय. शटरला दोन पडदे असतात. पहिला पूर्ण उघडल्यावर आणि दुसरा निघायच्या आधी फ्लॅश पडला, तरच पूर्ण फ्रेमवर उजेड येतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. पण कंपनीने लिहिलेला आकडा गाठायच्या मागे लागू नका. स्वस्त रेडिओ ट्रिगर सिग्नल पोहोचवायला थोडा वेळ घेतो, शिवाय मोठ्या जुन्या लाइटचा झोत फुल पॉवरवर लांब असतो. १/१६० किंवा १/१२५ ठेवा. बंद स्टुडिओत याने काही बिघडत नाही, कारण हालचाल गोठवते ती फ्लॅशच्या झोताची लांबी, शटर नाही. उलट या मर्यादेपलीकडेही फ्लॅश चालवणारं हायस्पीड सिंक लावलं की प्रकाशाची ताकद बरीच घटते. उन्हात उघड्या अपर्चरवर शूट करणाऱ्यांना त्याची गरज पडते. पासपोर्ट फोटो आणि प्रॉडक्टवाल्यांनी त्यासाठी पैसे घालू नयेत.

स्लेव्ह लाइट भलत्याच वेळी उडतो

ऑप्टिकल स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की उडणारा लाइट. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर असला, तर तो खरा झोत मारायच्या आधी एक छोटा मोजणी-झोत मारतो. स्लेव्ह त्यालाच फसतो. लाइट उडालेला डोळ्यांना दिसतो, फोटोत मात्र त्याचा पत्ता नसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर, १/६४ सारख्या कमी पॉवरवर ठेवा. मॅन्युअलची सोय नसेल, तर ज्या लाइटवर एस१ आणि एस२ असे पर्याय आहेत त्यावर एस२ लावा. तो पहिला झोत सोडून देतो. रेड-आय कमी करायची सेटिंगही बंदच हवी.

मंगल कार्यालयात तर स्लेव्ह लावूच नका. पाहुण्यांपैकी कोणी फ्लॅश मारला की तुमचा लाइट उडणार, आणि नेमक्या क्षणी तो चार्ज होत बसलेला असणार. त्याच कारणाने, रेडिओ ट्रिगर वापरत असाल तर लाइटवरचं स्लेव्ह बटण बंद ठेवा. उन्हात प्रकार उलटा: स्लेव्हच्या सेन्सरला झोत दिसतच नाही.

रेडिओ आणि केबल

ट्रिगर आणि लाइट यांचे चॅनेल, ग्रुप आणि गोडॉक्ससारख्या कंपन्यांच्या ट्रिगरमध्ये वायरलेस आयडी, हे तिन्ही जुळायला हवेत. आयडी कधीतरी चुकून बदलतो आणि आपण चॅनेलच बघत बसतो. लाइट अगदी जवळ असताना फ्लॅश चुकत असेल, तर ट्रिगरमध्ये ०–३० मीटरची सेटिंग लावा. सिग्नल मधूनच तुटत असेल तर आधी बॅटरी बघा आणि मग चॅनेल बदला, कारण यातले बरेच ट्रिगर वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. कोकणातल्या दमट हवेत हॉटशूचे कॉन्टॅक्ट काळपटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, आणि ट्रिगर पूर्ण आत सरकवून चाक आवळा.

कॅमेरा आणि लाइट तारेने जोडणारी सिंक केबल घेताना जॅक बघा. काही लाइटना ३.५ मिमी लागतो, काहींना जाड ६.३५ मिमी, आणि तो मोनो हवा. कॅमेऱ्याच्या बाजूची पिन सैल पडते, म्हणून बॅगेत जादा केबल असावी.

जुना लाइट, नवा कॅमेरा

फिल्मच्या काळातले लाइट आणि फ्लॅश सिंकच्या पिनेवर शंभराहून जास्त व्होल्ट सोडू शकतात. व्हिव्हिटार २८३ ची जुनी मॉडेल त्यासाठी प्रसिद्ध आहेत. निकॉन २५० व्होल्टपर्यंत चालतं म्हणतं, पण काही डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा जेमतेम ६ व्होल्ट होती. जुना लाइट चार्ज करून, मल्टिमीटर डीसीवर ठेवून सिंक प्लगच्या टोकावर आणि बाहेरच्या भागावर मोजा. लाइट मात्र उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. आकडा मोठा आला तर केबल कॅमेऱ्याला लावायची नाही. रेडिओ रिसीव्हर लावणार असाल, तर त्याचीही व्होल्टेजची मर्यादा पाहून घ्या. ती कमी पडत असेल आणि लाइटला स्वतःचा ऑप्टिकल स्लेव्ह असेल, तर त्यावरच काम चालवा.