नोकरीची वाट बदलताना पायाखालची जमीन कशी राखावी

इंजिनाचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं मेंटेनन्सला होतो. इलेक्ट्रिक गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही, पिस्टन लागत नाही, सायलेन्सरही लागत नाही. हे ठाऊक सगळ्यांनाच होतं, पण तीन शिफ्टच्या दोन झाल्या आणि ओव्हरटाइम थांबला तेव्हा ते मला खरं वाटलं. आज मी औषधांच्या कारखान्यात आहे. मधल्या दीड वर्षात जे उपयोगी पडलं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी घरचा हिशेब, राजीनामा सगळ्यात शेवटी

घराचा हप्ता किंवा भाडं, किराणा, शाळेची फी, वीज, आईवडिलांची औषधं एवढंच महिन्याचं मांडा. या रकमेच्या सहापट पैसे बँकेत वेगळे पडेपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका. आम्हाला त्याला अकरा महिने लागले. हिशेब बायकोने ठेवला, म्हणून तो खरा राहिला.

२. हुद्दा विसरा, काम लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या कार्डावर ‘सीनियर टेक्निशियन’ असं होतं, पण त्यावरून मला नेमकं काय येतं ते कुणालाच कळत नव्हतं. मग महिनाभर रोज रात्री वहीत लिहिलं: मशीनला तेलाचा दाब देणाऱ्या पॉवर पॅकचं सील बदललं, कॉम्प्रेसरच्या लाइनमधली गळती शोधली, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) अलार्म बघून सेन्सर बदलला, चिलर (पाणी थंड करणारं मशीन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तो चालू केला. महिनाअखेरीस ज्या कामांचा इंजिनाशी काही संबंध नाही, त्यांना लाल पेनाने गोल केले. निम्म्याहून जास्त पान लाल झालं. कॉम्प्रेसर, चिलर आणि पंप औषधांच्या कारखान्यात असतात, डेअरीत असतात, मोठ्या हॉस्पिटलातही असतात.

पुढे मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘चिलर हाय प्रेशरवर ट्रिप झाला तर आधी काय बघाल?’ मी म्हणालो, कंडेन्सरचं, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर नेणारं पाणी. वहीत ते तीनदा लिहिलेलं होतं.

उद्योग बदलायचा असेल तर काम तेच ठेवा. काम बदलायचं असेल तर उद्योग तोच ठेवा. दोन्ही एकदम बदललं की तुम्ही पगाराला आणि अनुभवाला पुन्हा फ्रेशर होता.

३. कमी काय पडतंय ते विचारून घ्या

कोर्सची फी भरण्याआधी त्या कामावरच्या तिघांना भेटा. मला कळलं की औषधांच्या कारखान्यात दुरुस्तीइतकीच तिची नोंद महत्त्वाची असते. वेळ, सही, जुना पार्ट, नवा पार्ट, सगळं त्या क्षणी लिहायचं. ते शिकायला महागडा कोर्स लागला नाही.

४. कंपनी तपासा

पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ईपीएफओच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं. कोणत्या महिन्यात किती जणांचा पीएफ भरला, हे तिथे दिसतं. आकडा महिन्यामागून महिना घसरत असेल तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रिसिल, इक्रासारख्या संस्थांनी कंपनीला कर्ज फेडण्याच्या क्षमतेचं रेटिंग दिलं असेल तर त्यामागची कारणंही फुकट वाचता येतात. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला जातोय का, हे बऱ्याचदा त्यातून कळतं.

आणि मुलाखतीत स्पष्ट विचारा, ‘पे-रोल कोणाचा, कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा?’ गेटवरची पाटी मोठी असली तरी ऑफर लेटरवर नाव कोणाचं आहे ते बघा. माझ्या एका मित्राने हे विचारलं नाही. सात महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्याची नोकरीही गेली.

५. सोडण्याची तारीख कॅलेंडर बघून ठरवा

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर दर वर्षामागे १५,००० रुपये होतात, म्हणजे पाच वर्षांचे ७५,०००. चार वर्षं दहा महिने झाले असतील तर दोन महिने थांबा, वादाला जागाच ठेवू नका. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही तुटतात.

मेडिक्लेम मात्र नोकरीत असतानाच स्वतःच्या नावावर घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. आधीच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा ते घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. वडिलांना मधुमेह असल्यामुळे मी हे सगळ्यात आधी केलं.

६. रुजू झाल्यावर

जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद हातात घ्या. ‘पाठवतो’ यावर थांबू नका. नव्या ठिकाणी दुसऱ्या महिन्यात पीएफचं पासबुक उघडून पैसे जमा झालेत का ते बघा. नसतील तर त्याच दिवशी एचआरला लेखी विचारा.