मुलांना चिनी वर्षचक्र शिकवताना या चुका टाळा

चिनी वर्षचक्रात प्रत्येक वर्षाला बारांपैकी एक प्राणी असतो. जानेवारी उजाडला की सिंगापूरच्या चायनाटाउनमध्ये येणाऱ्या वर्षाच्या प्राण्याचे भलेमोठे कंदील लागतात. मग आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातली मुलं विचारायला लागतात, "मावशी, मी कोण? ससा की ड्रॅगन?" मोठी माणसं उत्तर घाईघाईत देऊन टाकतात, आणि एकदा चुकीचं डोक्यात बसलं की ते निघत नाही.

जन्माचं इंग्रजी साल बघून प्राणी सांगणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिते. इथे शाळेत प्रवेश इंग्रजी सालाप्रमाणे होतो, त्यामुळे एका इयत्तेतली मुलं बहुतेक एकाच प्राण्याची असतात. २०१७ म्हणजे कोंबडा, असं धरून मी सगळ्यांसाठी लाल तुऱ्याचे मुखवटे कापून नेले. एक मुलगी म्हणाली, "शेजारची आजी मला माकड म्हणते." ही आजी चिनी होती. मी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं, "आजींची काहीतरी गफलत झाली असेल. २०१७ म्हणजे कोंबडाच." ती पुढे एक अक्षर बोलली नाही. तासभर मुखवटा मांडीवर ठेवून बसली, चेहऱ्याला लावलाच नाही.

घरी येऊन तारखा बघितल्या. तिचा वाढदिवस २० जानेवारीचा आणि कोंबड्याचं वर्ष सुरू झालं २८ जानेवारी २०१७ ला. म्हणजे ती सरत्या माकड वर्षातली. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोरच सांगितलं की आजी बरोबर होत्या, मी चुकले. त्या दिवशी तिने तपकिरी कागदाची लांबलचक शेपटी केली आणि ती लावूनच घरी गेली.

तेव्हापासून वर्गाच्या साहित्याच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिनी नववर्षाच्या तारखांचा कागद चिकटवला आहे. मूल २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान जन्मलेलं असेल, तर कागद बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. त्याआधीचं असेल तर सरळ मागच्या वर्षाचा प्राणी. "सालाला १२ ने भागा, बाकी ४ उरली की उंदीर" ही युक्ती सगळीकडे फिरते. हिशेब बरोबर आहे, पण त्या सालच्या चिनी नववर्षाआधी जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा प्राणी त्यात चुकतो. झटपट युक्ती मी आधी शिकवत नाही ती यासाठीच.

"तारीख बदलते, कारण ते चंद्रावर चालतं" एवढ्यावर सोडून देणं

हे अर्धंच उत्तर आहे. नुसतं चंद्रावर चालणारं पंचांग हिजरी, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. चिनी नववर्ष तसं फिरत नाही. २०२३ ला २२ जानेवारी, २०२४ ला १० फेब्रुवारी, २०२५ ला २९ जानेवारी, २०२६ ला १७ फेब्रुवारी. मागे सरकतं आणि पुन्हा पुढे उडी मारतं.

मराठी मुलांना हे समजावणं सोपं आहे, कारण घरात अधिक महिना माहीत असतो. बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस, सूर्याशी सुमारे ११ दिवसांची तूट, ती भरायला १९ वर्षांत ७ अधिक महिने. ज्या चांद्र महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक, हा आपला नियम. चिनी नियमाचा गाभाही तोच. मात्र ते सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंशी जोडलेलं संक्रमण धरतात, त्यामुळे महिना वेगळा पडू शकतो. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता, त्यांचा दुसरा महिना. आजीला फोन लावून "अधिकात वाण काय देतात?" विचारायला लावा, तो महिना मुलं विसरणार नाहीत.

बारा प्राण्यांवर थांबणं

खरं चक्र ६० वर्षांचं आहे. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं, प्रत्येकाची दोन वर्षं, म्हणजे दहाचं एक चक्र. दुसरं बारा प्राण्यांचं. (ही आपली पंचमहाभूतं नव्हेत. यात वायू नाही, आकाश नाही.) मी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या करते, एकीवर १० खुणा, दुसरीवर १२. सुरुवात १९८४ पासून, लाकूड-उंदीर. एक टाळी म्हणजे एक वर्ष, दोन्ही चकत्या एकेक घर पुढे. बारा टाळ्यांनी उंदीर परततो, पण तत्त्व पुढे गेलेलं असतं: १९९६ अग्नी, २००८ माती, २०२० धातू, २०३२ पाणी. पुन्हा लाकूड-उंदीर थेट २०४४ ला.

हुशार मुलं लगेच म्हणतात, दहा गुणिले बारा, १२० व्हायला हवेत. उत्तर सांगू नका. फिरवू द्या चकत्या. अर्ध्या जोड्या कधी भेटतच नाहीत, हे त्यांचं त्यांना सापडतं. आपल्याकडेही प्रभव ते क्षय अशी ६० संवत्सरं आहेत आणि आजोबांची साठीशांत होते. चीनमध्येही साठावा वाढदिवस म्हणजे एक फेरा पूर्ण.

आणखी काही

मेष-वृषभाशी जोड्या लावू नका. त्या राशी वर्षाच्या आत फिरतात, इथे अख्ख्या वर्षाला एक प्राणी.

शेळी की मेंढी, यावर वाद नको. चिनीत दोघींना 'यांग' हा एकच शब्द चालतो.

"मांजर यात नाहीच" असं ठामपणे म्हणू नका. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे.

ड्रॅगनला आग ओकणारा राक्षस करू नका. चिनी ड्रॅगन पाऊस देतो. प्राण्यांचा क्रम शर्यतीने ठरला, अशी गोष्ट आहे; तिच्यातही तो पाऊस पाडायला थांबतो, म्हणून पाचवा येतो.

आपल्याच प्राण्याचं वर्ष आलं की ते भाग्याचं, असं मुलांना वाटतं. चिनी समजूत नेमकी उलटी आहे, म्हणून लोक त्या वर्षी लाल कपडे घालतात, लाल दोरा बांधतात.

आणि कृपा करून "उंदीरवाली मुलं कंजूष, वाघवाली तापट" असले तक्ते वर्गात आणू नका. अग्नी-घोडा वर्षात जन्मलेल्या मुली नवऱ्याच्या मुळावर येतात, अशी जपानात समजूत होती. १९६६ हे तसं वर्ष. त्या वर्षी तिथले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी घटले. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी हे सांगत नाही, मोठ्या मुलांना सांगते. मग चकत्या त्यांच्या हातात देऊन विचारते, १९६६ नंतरचं अग्नी-घोडा वर्ष कोणतं? टाळ्या मोजत मोजत मुलं २०२६ वर येऊन थांबतात.