कुत्र्याची विष्ठा बिघडल्यास काय करावे

निरोगी कुत्र्याची विष्ठा तपकिरी व बांधलेली असते. खानापूर, निपाणीकडे कुत्री अंगणाबाहेर मोकळी फिरत असल्यामुळे त्यांच्या विष्ठेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तरी सकाळी एकदा पाहावे. मोठे कुत्रे नेहमीसारखे खात-खेळत असेल आणि केवळ पातळ होत असेल, तर भरपूर पाणी व मऊ भात देऊन एक दिवस थांबता येते. आदल्या दिवशी कोणी प्रेमाने कुंदा (दुधाची गोड मिठाई) भरवला असेल, तर कारण बहुधा तेच. मात्र डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा ही जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते, तर ताजे लाल रक्त बहुधा मोठ्या आतड्यातून येते. दोन्ही वेळी पशुवैद्यकाकडे जावे. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्यांसह रक्ताचे, दुर्गंधीयुक्त जुलाब झाल्यास पार्व्हो या घातक विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी आणि सकाळची वाट पाहू नये. शेपटीखाली भाताच्या शितांसारखे, कधी वळवळणारे कण दिसल्यास ते पट्टकृमीचे तुकडे असतात. हा जंत बहुधा पिसवांमार्फत येतो, म्हणून औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा. पशुवैद्यकाकडे जाताना विष्ठेचा ताजा नमुना झाकणाच्या कोरड्या डबीत न्यावा, आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला परस्पर देऊ नयेत.