पोलीस आणि मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांचं एकत्र प्रशिक्षण: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भाषणालाच प्रशिक्षण समजणं. डॉक्टर स्लाइड दाखवतात, शिपाई मागच्या रांगेत बसतात, चहा होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत.

त्याऐवजी प्रसंग उभा करा. ठाण्यातल्या लोकमान्य नगरात चाळीतली खोली. तरुण मुलगा भाजीची सुरी हातात घेऊन ओट्यापाशी उभा, आई दारात रडतेय, शेजारी व्हिडिओ काढताहेत. बोलायचं एकानेच. दुसऱ्याने शेजाऱ्यांना खाली न्यायचं. तिसऱ्याने आईला बाजूला घेऊन विचारायचं: औषधं कधीपासून बंद, झोप किती, पूर्वी असं झालं होतं का? वॉकीटॉकीचा आवाज कमी, काठी मागे, मुलाला कोपऱ्यात रेटायचं नाही. समुपदेशकानेही सुरी खाली येईपर्यंत पोलिसांच्या पुढे जायचं नाही. त्याची माया कितीही खरी असली तरी.

"कुणी नाही तिथे, भास होतायत तुला" असं ठणकावू नका. "दादा, घाबरायला होत असेल. मी इथेच आहे, सावकाश बोला," एवढं पुरतं. आणि "ठाण्याला पाठवू याला", म्हणजे ठाण्याच्या मनोरुग्णालयात, हे तर चुकूनही तोंडातून जाऊ नये. आई तिथेच हबकते आणि पुढची माहिती लपवते.

"रात्रभर बसू दे चौकीत, सकाळी बघू." ही चूक बेकायदाही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेतल्यावर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. का नेतोय ते तिला किंवा तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांबाबत तिच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला) सांगावं लागतं, आणि शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. २४ तास ही कमाल मर्यादा आहे, सवलत नव्हे. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं पोलिसांकडेच येतं. कलम ११५ सुद्धा सरावात घ्या: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आधी गृहीत धरायचं असतं.

थेट मनोरुग्णालयाकडे गाडी वळवणंही घाईचं. असंबद्ध बडबड साखर उतरल्यानेही होते, डोक्याला मार लागल्यानेही, तापानेही. रोजची दारू अचानक तुटली की तिसऱ्या दिवशी माणूस भिंतीवर किडे पाहतो; तो जिवावरचा प्रसंग असतो. आधी साखर, ताप, नाडी तपासा.

प्रशिक्षणाला फक्त अधिकाऱ्यांनाच बोलावणं हीसुद्धा नेहमीची चूक. रात्री दारात पोहोचतात बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे शिपाई. स्टेशनवर रेल्वे पोलीस. शिवाय कळवा ठाणे आयुक्तालयात, शेजारची ऐरोली नवी मुंबईत. हद्दीवरच्या कॉलचं काय, हे आधीच ठरवून ठेवा. अमेरिकेत मेम्फिसला १९८८ मध्ये पोलिसांच्या अशा प्रशिक्षणाचं काम सुरू झालं, तेव्हा रुग्णांचे नातेवाईकही सोबत होते. आपल्याकडे त्यांना वगळू नका, मला विचाराल तर पहिला तास त्यांनाच द्या.

रुग्ण सोपवताना तोंडी निरोप देऊन निघू नका. काय दिसलं, काय घेतलं होतं, घरचं कोण आहे, अशा चार ओळी लिहून द्या. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या, आणि जिवाला धोका वाटला तर ११२ लावायचा हेही सांगा.