कमी पैशांत आपत्कालीन साठा कसा करावा: सुरुवात पाण्यापासून

आपत्कालीन साठ्याबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला मिळतो तो तयार किट विकत घेण्याचा. हाताशी पैसे मोजकेच असतील तर तो ऐकू नका. ज्याच्यावाचून दुसऱ्याच दिवशी जीव कासावीस होतो ते पाणी अशा किटच्या पिशवीत मावतच नाही. पाण्याला मात्र जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही लोक ते सगळ्यात शेवटी भरतात, कारण त्यात दुकानातून आणण्यासारखं काही नसतं. मीही तेच केलं होतं, म्हणून इथे पाण्यावरच जास्त लिहिते आहे.

आधी घरात काय आहे ते कागदावर लिहून काढा. टॉर्च, मेणबत्त्या, औषधं, कोरडं धान्य, रिकाम्या बाटल्या. यादी होईपर्यंत एक पैसाही खर्च करू नका.

आता पाणी. माणशी रोज ४ लिटर धरा. त्यातलं साधारण निम्मं पिण्यासाठी, बाकीचं स्वयंपाकाला आणि हात-तोंड धुवायला. चार माणसांचं तीन दिवसांचं पाणी ४८ लिटर होतं, आणि ४८ लिटर म्हणजे ४८ किलो. वजनाचा हा हिशोब मी केला नव्हता. एकच मोठा पिंप भरून कोपऱ्यात ठेवला आणि निश्चिंत झाले. गरज पडली तेव्हा तो ना हलवता येईना, ना तिरका करता येईना. भांडं बुडवून पाणी काढत राहिलो आणि दोनच दिवसांत त्याला वास यायला लागला. उघड्या तोंडाच्या भांड्यात हात बुडाला की जंतू आत गेलेच. पिंपच वापरायचा असेल तर खाली तोटी असलेला घ्या. नाहीतर एक-दोन लिटरच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या कधीही बऱ्या. एखादी बिघडली तरी बाकीचं पाणी शाबूत राहतं, आणि घर सोडावं लागलं तर मूलसुद्धा एक बाटली उचलू शकतं.

बाटल्या विकत घेऊ नका. थंड पेयांच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या उत्तम. दुधाच्या किंवा फळांच्या रसाच्या मात्र अजिबात नकोत. कितीही घासल्या तरी दुधाचा आणि साखरेचा अंश आत राहतो, त्यावर जंतू वाढतात. ‘गरम पाण्याने धुतलं की झालं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकून मी दहा बाटल्या वाया घालवल्या आहेत. रसायनं किंवा कीटकनाशकं ठेवलेलं भांडं तर पाण्यासाठी कधीच वापरू नका.

बाटली साबणाने धुवून खळखळून घ्या. मग लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा साधं ब्लीच घालून ते बाटलीत सगळीकडे लागेल असं हलवा, अर्धा मिनिट थांबा, ओतून टाका आणि स्वच्छ पाण्याने विसळा. झाकणालाही हेच करा, ते हमखास विसरलं जातं. शुद्ध केलेलं नळाचं पाणी असेल तर तसंच भरा. पाण्याची खात्री नसेल तर ते एक मिनिट खळखळ उकळा, फार उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं. इंधन नसेल तर ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचचे लिटरला २ थेंब टाकून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा आणि ४ थेंब टाका. ब्लीच सुगंधी किंवा डिटर्जंट मिसळलेलं नको, आणि वर्षापेक्षा जुनंही नको, त्याचा जोर कमी झालेला असतो. दुसऱ्या कुठल्याही सफाईच्या द्रवात ते मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

बाटलीवर तारीख लिहा, अंधाऱ्या थंड जागी ठेवा, सहा महिन्यांनी पाणी बदला. जुनं झाडांना घाला. फ्रीझरमध्ये जागा असेल तर काही बाटल्या पाऊण भरून तिथे ठेवा. वीज गेल्यावर तो बर्फ गारवा टिकवतो आणि वितळला की पिता येतो.

खाण्याचं सोपं आहे. दर वेळी किराणा आणताना नेहमीच्या खाण्यातली एक वस्तू जास्तीची घ्या, नवी मागे ठेवा, जुनी आधी वापरा. घरात कुणी खात नाही ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. फक्त कोरड्या धान्यावर आणि कडधान्यावर विसंबू नका, कारण ते भिजवायला आणि शिजवायला पाणी-इंधन दोन्ही लागतं. पहिल्या तीन दिवसांचं खाणं न शिजवता खाता येईल असंच हवं.

रोजची औषधं आठवडाभर पुरतील इतकी जास्तीची ठेवा. कागदपत्रांच्या प्रती आणि थोडे सुटे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत. उजेडासाठी टॉर्च, मेणबत्त्यांनी आग लागते. सेल टॉर्चच्या बाहेर, पण शेजारीच ठेवा. आत राहिले तर गळून टॉर्च खराब करतात. कोळशाची शेगडी बंद घरात कधीही पेटवू नका, तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी नळ आणि दिवे बंद करून संध्याकाळ काढा. आम्ही हे केलं तेव्हा खाण्याचे सीलबंद डबे भरपूर होते, पण ओपनर कुणालाच सापडेना. आता तो डब्यांच्या खोक्याला दोरीने बांधलेला असतो.